पाण्यावरचं अंगण

चिलीकॉथी, इलिनॉय
६ ऑक्टोबर २०२४

हेमचंद्रराव, नमस्कार.

तळ्याचं पाणी गेल्या वर्षीपेक्षा सात इंच कमी आहे. मी खांबावर खूण करून ठेवली होती, म्हणून सांगतो. शेजारचा डेल म्हणतो फूटभर कमी आहे, पण डेल अंदाजानं बोलतो.

शिकारीच्या लपणाच्या चारी भिंतींना मक्याची ताटं बांधून झाली. बाहेरून आता ती खोली वाटत नाही, गवताचा ढीग वाटतो. आत बाकडं, शेगडी, बंदुकीची खुंटी जिथल्या तिथे आहे. तुमची दोरीही नवीन ओवली. ओढून बघितली, तिची पाचही डिकॉय, आपली खोटी बदकं, डुलतात आणि लाट तिसऱ्या खांबापर्यंत जाते.

डिकॉय या वर्षी एकशे चौतीस. त्यातले अठरा मी लाकडात कोरलेले, बाकी प्लास्टिकचे, पण एकाच्याही अंगावर दुकानातला रंग ठेवलेला नाही. दुकानातला रंग चकाकतो. वरून उडणाऱ्या पाखराला ते बदक बाटलीसारखं दिसतं. ऑक्टोबरात नरसुद्धा मळकट तपकिरी असतात, तरी लोक पहिल्याच दिवशी हिरव्या मानेचे नर पाण्यात सोडतात. मला हे कोणी शिकवलं नाही. बारा वर्षं काठावर बसून खरी बदकं कशी बसतात ते वहीत उतरवलं. मंडळाच्या दिवाळीत अजून कोणीतरी विचारतंच, तुम्ही कुठल्या कॉलेजचे. मी सांगतो, आयटीआय, मिरज. मग ते समोसा आणायला जातात.

तुम्ही पार्सिपनीला राहायला गेलात त्याला पाच वर्षं झाली. दर थँक्सगिव्हिंगला दहा दिवस येता, तसे या वर्षीही या. मी ओहेअरला घ्यायला येईन, वाटेत डेव्हन ॲव्हेन्यूला पोहे आणि लसूण चटणी घेऊ. विमानाचा नंबर कळवा. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी आपलं जरा झालं, ते मी केव्हाच विसरलो आहे. तुम्हीही मनात ठेवू नका.

सोबत मांडणीचं चित्र जोडलं आहे. स्केल एक इंचाला दहा फूट.

श्रीरंग


पार्सिपनी, न्यू जर्सी
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्रीरंग,

पत्र आणि चित्र मिळालं. या वर्षी येणं जमणार नाही. गुडघा दुखतो आहे, डॉक्टर गार पाण्यात उभं राहू नका म्हणतात. पद्मजा ठीक आहे. सीझनसाठी शुभेच्छा.

हेमचंद्र


चिलीकॉथी
२७ ऑक्टोबर २०२४

हेमचंद्रराव,

तुमचं पत्र टाइप केलेलं होतं. पाच वर्षांत तुमचं टाइप केलेलं पत्र मला आलेलं नाही. वाचताना नोटीस वाचल्यासारखं वाटलं. 'सीझनसाठी शुभेच्छा' हे वाक्य तर तुम्ही ऑफिसात निवृत्त होणाऱ्या माणसाला लिहीत असाल.

गुडघा कुठला? डावा की उजवा? पाण्यात उभं राहायचं नसेल तर मी तुम्हाला होडीतून थेट लपणात नेऊन बसवीन. एवढा साधा उपाय मला सुचतो तर तुम्हाला का सुचू नये, तुम्ही इंजिनिअर.

काल सीझन उघडला. मी छत्तीसच डिकॉय टाकले. सुरुवातीला बदकं कुटुंबानं हिंडतात, पाच, सहा, सात. म्हणून पाचा-सहाचे पुंजके करायचे आणि दोन पुंजक्यांत चार पावलं सोडायची. तोंडं वाऱ्याकडे, पण सगळी एका रेघेत नकोत, नाहीतर शाळेची प्रार्थना वाटते. मधे आपलं अंगण मोकळं. पाखरू उतरतं ते मोकळ्या पाण्यात, दुसऱ्याच्या डोक्यावर नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दहा वाजेपर्यंत तीन आली, दोन घेतली. दोरी मीच ओढली. एका हातात दोरी आणि एका हातात बंदूक म्हणजे दोन्ही कामं अर्धी होतात. चहा सवयीनं दोन कप केला. दुसरा कप निवला, मग तोही मीच प्यायलो. तक्रार म्हणून लिहीत नाही. घडलं ते लिहिलं.

नवीन चित्र सोबत आहे. पहिलं फेका, त्यात वारा दक्षिणेचा धरला होता.

श्रीरंग


पार्सिपनी
५ नोव्हेंबर २०२४

श्रीरंग,

गुडघ्याला काही झालेलं नाही. तू डावा-उजवा विचारलंस म्हणून सांगतो. खोटं धड बोलता येत नाही मला.

तू केव्हाच विसरलास, असं लिहिलंस. तू विसरशीलच, बोललास तू. ऐकलं मी.

त्या शनिवारी तू होडी लपवायला गेलास आणि मी एकट्यानं डिकॉय टाकले. चुकीचे टाकले. पाखरं चार घिरट्या घालून डेलच्या तळ्याकडे गेली, हेही खरं. दुपारी डेल आणि त्याचे दोघे मित्र होडीनं आले. तेव्हा तू त्यांच्यासमोर म्हणालास की या माणसानं चाळीस वर्षं मशिनं डिझाइन केली आणि त्याला एक रिकामी जागा रिकामी ठेवता येत नाही. ते तिघं हसले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली.

तू मला आजवर काय काय बोलला आहेस. गाढव म्हणालास, आंधळा म्हणालास, एकदा माझ्या वडिलांपर्यंत गेलास. मी हसलो, कारण ते सगळं मराठीत होतं, आपल्या दोघांत होतं. त्या दिवशी तू इंग्रजीत बोललास. म्हणजे ते मला सांगायचं नव्हतंच. त्यांना हसवायचं होतं. आणि त्यासाठी हाताशी मी होतो.

या देशात चाळीस वर्षं मी मीटिंगांमधून हे सोसलं. तुझ्या लपणात ते सोसायला मी येत नव्हतो.

चित्रं पाठवू नकोस. लिहायचंच असेल तर शब्दांत लिही.

हेमचंद्र


चिलीकॉथी
१४ नोव्हेंबर २०२४

हेमचंद्रराव,

तुमचं पत्र चार दिवस टेबलावर होतं. मी दोनदा उत्तर लिहून फाडलं.

माझी बाजू अशी. अंगणात बावीस डिकॉय होते. मी मोजले. दोन-तीन असते तर वारा म्हटलं असतं, दोरी सुटली म्हटलं असतं. बावीस म्हणजे एकेक करून, हातानं, आणून ठेवलेले. अकरा वर्षं एकत्र बसलो आपण. तुम्ही इकडेच राहत होतात तेव्हापासून दर वेळी मी हेच सांगत आलो, आणि तुम्ही मान डोलावत आलात. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. मला शिकवणारा हा कोण, असं तुमच्या मनात कुठेतरी असणार असं वाटलं. टर्नरनं इंजिनिअरला सांगायचं म्हणजे काय. आता म्हणाल, हे तू तेव्हा का विचारलं नाहीस. नाही विचारलं.

इंग्रजीचं मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चित्रं नकोत म्हणालात. माझ्या चित्रांचा कंटाळा आला असेल. ठीक आहे, शब्दांत लिहितो. आता मोठे थवे उत्तरेकडून उतरू लागले आहेत. मी सगळे एकशे चौतीस पाण्यात टाकले. लपणात बाकड्यावर बसलं की डाव्या हाताला मॅलार्ड दाट, खांद्याला खांदा लावून. ती रांग लांब जाऊन उजवीकडे वळते, हूकसारखी. हूकच्या टोकाला, सगळ्यांपासून जरा दूर, पिनटेलचे आठ नर ठेवले. त्यांची पांढरी छाती लांबून दिसते, आणि ते खरोखरही तसेच फटकून बसतात. हूकच्या पोटात चाळीस पावलांचं मोकळं पाणी. वारा पाठीमागून. येणारं पाखरू समोरून, वाऱ्याला तोंड देत, पाय पुढे टाकत थेट त्या पाण्यावर येतं. मंगळवारी एकशे दहापर्यंत मोजली. मी गोळी झाडली नाही. मोजता मोजता राहून गेलं.

सांगायला बाजूला कोणी नव्हतं. डेलला फोन केला, त्यानं उचलला नाही.

श्रीरंग


पार्सिपनी
२४ नोव्हेंबर २०२४

श्रीरंग भावोजी,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे.

ह्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाला आहे. कडेनं दिसतं, समोर बघितलं की राखाडी डाग. दोन्ही डोळ्यांचं बहुतेक मागच्या वर्षीच सुरू झालं होतं. कोणाला बोलले नाहीत, चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणत राहिले. जूनमध्ये पार्किंगमध्ये एका मुलीला धक्का लागता लागता राहिला, तेव्हा मी ओढून डॉक्टरकडे नेलं. मी स्वतः भूल देणारी डॉक्टर, आणि माझ्या घरातल्या माणसाला दिसत नाही हे मला कळू नये, ह्याचं मला काय वाटतं ते आत्ता राहू दे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन असतं. आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी बंद केली. वाचन बंद.

पत्रं मी टाइप करते, ते सांगतात तशी. तुमची पत्रं मी वाचून दाखवते. पहिली दोन चित्रं आली तेव्हा खिडकीशी नेऊन, मान वाकडी करून, पाऊण तास बघत बसले होते. काही दिसलं नाही. मग मला म्हणाले, ठेव फाइलमध्ये.

चौदा तारखेचं पत्र आल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर वाचायला लावतात. पहिला भाग गाळायचा, 'डाव्या हाताला मॅलार्ड दाट' इथून सुरू करायचं. मला त्या पाखरांचं काडीचंही कळत नाही, आणि तुमचा तो बदकाचा रस्सा मी माझ्या स्वयंपाकघरात कधी येऊ दिला नाही. पण आता मला ते पत्र पाठ झालं आहे.

तुम्हाला सांगितलं हे कळलं तर चिडतील. त्यांना कीव नको आहे. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव मात्र घेऊ नका.

पद्मजा


चिलीकॉथी
२ डिसेंबर २०२४

हेमचंद्रराव, नमस्कार.

तुमची तब्येत बरी असावी. इकडे थंडी पडली आहे.

शनिवारी मी डेलच्या लपणात गेलो. ते दोघे मित्रही होते. मी म्हणालो, मागच्या वर्षी मी माझ्या मित्राबद्दल जे बोललो ते चूक होतं. त्याची चूक नव्हती, माझी होती, आणि तुम्ही हसलात ते माझ्यामुळे. इंग्रजीतच सांगितलं, घरून लिहून पाठ करून गेलो होतो. डेल म्हणाला, कुठलं बोलणं? त्याला आठवतच नव्हतं. मी सगळं आठवून सांगितलं. मग एकानं मला कॉफी दिली. ती घेऊन मी परत आलो.

या आठवड्याची मांडणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतो, तशी समजायला सोपी. लपण घड्याळाच्या मध्यावर धरा. नऊ वाजता सोळा मॅलार्ड, दहा वाजता बारा, अकरा वाजता सहा. बारापासून दोनपर्यंत काही नाही, मोकळं पाणी. तीन वाजता तुमच्या दोरीचे पाच. पहाटे डिकॉयच्या पाठीवर दंव धरतं. पांढरं बदक बघून खरं बदक शंभर फुटांवरूनच फिरतं, म्हणून मी प्रत्येकाला बुडवून काढतो. बाकी सर्व ठीक.

तुम्ही जरूर यावं. सर्व सोय करीन. काळजी घ्यावी.

आपला,
श्रीरंग


पार्सिपनी
९ डिसेंबर २०२४

श्रीरंग,

पद्मजानं तुला कळवलं. नाही म्हणू नकोस, ती समोर बसून हे टाइप करते आहे आणि तिचे कान लाल झाले असणार. तुझ्या पत्रात एकही टोमणा नव्हता. 'काळजी घ्यावी' म्हणालास. तेव्हाच समजलो.

तू डेलकडे गेलास, ते चांगलं केलंस. त्याला आठवत नव्हतं हे वाचून मला अख्खा दिवस हसू येत होतं. एक वर्ष मी त्या माणसाचं हसणं उरात घेऊन बसलो होतो आणि त्यानं ते संध्याकाळपर्यंतही ठेवलं नव्हतं.

आता बावीस डिकॉयचं सांगतो. तू मुद्दाम म्हणालास म्हणून सांगायलाच हवं. त्या पहाटे उजेड राखाडी होता. मी एक डिकॉय ठेवला आणि बघितलं, तर तिथे काही नाही. वाटलं, वाहून गेला. दुसरा ठेवला. पुन्हा बघितलं, पाणीच. मी जिथे बघत होतो तिथे मोकळं दिसत होतं, श्रीरंग. मला वाटलं अंगण फार मोठं झालंय, तू ओरडशील. म्हणून भरत गेलो. तू होडी लपवून आलास तेव्हा मी दमून गेलो होतो, आणि अजून मला पाणीच दिसत होतं.

मला शिकवायला टर्नर पुरे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू मात्र ते अजून धरून बसला आहेस.

सीझन संपता संपता दोन दिवस येतो. वीस तारखेला पद्मजा नेवार्कला विमानात बसवून देईल. कीव म्हणून दोरी ओढायला बोलावतो आहेस असं वाटलं तर त्याच पावली परत फिरेन. मला खेळवत बसायचं नाही.

हेमचंद्र


पार्सिपनी
२८ डिसेंबर २०२४

श्रीरंग,

पोचल्याचा फोन केला होताच. तरी लिहितो, कारण फोनवर आपण दोघं नुसते खोकतो.

बर्फ फोडताना तुझा आवाज अजून कानात आहे. तू तुकडे उचलून कडेच्या बर्फाखाली सरकवत होतास, म्हणजे फोडलेलं तरंगत राहायला नको, आणि प्रत्येक तुकड्याची जाडी मोठ्यानं सांगत होतास. पावणेदोन इंच, दोन इंच. चौदाच डिकॉय टाकलेस. बाकीचे का नाही विचारलं, तर म्हणालास, आता उरलेली पाखरं कॅनडापासून प्रत्येक तळ्यावर हे बघत आली आहेत, त्यांना गर्दी दिसली की संशय येतो. रविवारी सकाळी सात उतरली. मी मान फिरवली आणि डोळ्याच्या कडेला हालचाल दिसली, पंख दिसले, पाणी उडालेलं दिसलं. थेट बघायला गेलो की जायची. मग मी समोरच्या फळीकडे बघत बसलो आणि ती कडेला पोहत राहिली. तूही बंदूक उचलली नाहीस. हे सगळं चांगलं झालं.

पण दोन दिवसांत तू मला एकदाही ओरडला नाहीस. मी शिडीवरून बूट पाण्यात पाडला, तू म्हणालास 'असू द्या.' मी चहात मीठ टाकलं, तू प्यायलास. डेल आला तेव्हा तू माझ्या कोपराला धरून उभा राहिलास. डिकॉय काढून दोऱ्या गुंडाळायला मला दिल्यास, मी किती वेळ लावला, तू शिट्टी वाजवत बसलास. तुला शिट्टी येत नाही.

परत येताना विमानात वाटलं, मी कोणा परक्याकडे जाऊन आलो. घरी सगळेच आता माझ्याशी असं हळू बोलतात. मुलगी बोलते, नर्स बोलते. तुझ्याकडेही तेच असेल तर मग इथेच खुर्चीत बसलेलं काय वाईट.

हेमचंद्र


चिलीकॉथी
५ जानेवारी २०२५

हेमचंद्रराव,

तुम्ही गुंडाळलेल्या दोऱ्या मी गुरुवारी गॅरेजमध्ये उघडून बघितल्या. काय केलंत हे? एकशे चौतीसपैकी चौदा पाण्यात होते, ते चौदा तुमच्या हाती दिले, आणि चौदाच्या चौदा उलटे. दोरी मानेकडून शेपटीकडे गुंडाळायची असते आणि टोकाचं वजनाचं शिसं शेवटी चोचीत अडकवायचं असतं, म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं फेकलं की आपोआप सुटतं. तुम्ही शेपटीकडून सुरुवात केलीत आणि शिसं पोटाखाली कोंबलंत. दोन शिशांनी लाकडी मादीच्या पोटाचा रंग खरवडला आहे. त्या मादीला मी नऊ दिवसांच्या संध्याकाळी दिल्या होत्या. लहान पोराला दोन मिनिटांत जमतं ते तुम्हाला अकरा वर्षांत जमलं नाही, आणि यात डोळ्यांचा काही संबंध नाही, मी स्वतः अंधारात करतो. तुम्ही कधी लक्षच दिलं नाहीत. मान डोलावलीत नुसती. तुमच्या हाताखाली ज्यांनी काम केलं ते सुटले बिचारे.

चहातलं मीठही मुद्दाम होतं की काय, मला शंका आहे.

ओरडलो नाही, कारण भीती वाटली. ओरडलो आणि तुम्ही उठून गेलात तर पुढच्या वर्षी पुन्हा एकट्यानं दोन कप चहा करायचा. सोमवारी तुम्हाला ओहेअरला सोडून घरी येईपर्यंत मी रेडिओ लावला नव्हता. एवढं पुरे, यावर आणखी लिहायला सांगू नका.

चौदाही दोऱ्या सोडून मी तशाच ढीग करून ठेवल्या आहेत. मी गुंडाळणार नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी लपणाला ताटं बांधायची आहेत, तेव्हा या आणि माझ्यासमोर बसून सरळ गुंडाळा, पहिला चुकला तर सगळे पुन्हा. पद्मजावहिनींना हे पत्र काहीही न गाळता वाचायला सांगा. विमानाचा नंबर आत्ताच कळवा, तुम्ही शेवटच्या क्षणी कळवता आणि मग मला डेव्हनला पार्किंग मिळत नाही.

श्रीरंग